अंधारातली गळती

प्रकाश पडला की पोटातला ऐवज बाहेर सोडणाऱ्या लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या, पुटिका (सूक्ष्म पिशव्या) तयार करणे हे माझ्या पीएच.डी.चे काम होते, आणि ते मी सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात, पश्चिमेला खिडक्या असलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत केले. विषयाच्या नावात प्रकाश असला तरी पहिले पाच महिने त्याच्याशी माझा जवळजवळ संबंधच आला नाही. सरांनी सुरुवातीलाच बजावले होते, “दिवा लावल्यावर काय होतं ते सगळेच दाखवतात. दिवा न लावता काय होतं, तो आलेख आधी आण. मग दिव्याचं बघू.” तेव्हा मला हे उगाच लांबण लावल्यासारखे वाटले होते.

ज्या लिपिडच्या रेणूला पाण्यात रमणारे डोके आणि पाण्यापासून पळणाऱ्या दोन शेपट्या असतात, ते पाण्यात सोडले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून दुहेरी थर धरते आणि तो थर स्वतःवर वळून बंद पिशवी होते. इंग्लंडमधल्या बाब्राहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा पिशव्या पाहिल्या, आणि काचेच्या चंबूत लिपिडचा पातळ पापुद्रा धरून त्यावर पाणी घालण्याची रीत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. माझ्या पुटिका सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या होत्या. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा सातआठशे पुटिका शेजारी शेजारी बसतील. त्यांची भिंत जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाड असते, म्हणजे दोन रेणू पाठीला पाठ लावून उभे राहिल्याएवढी. एवढ्याशा भिंतीवर भरवसा ठेवून आत औषध भरायचे, हा सगळा या विषयाचा खटाटोप. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डॉक्सिल हे कर्करोगावरचे औषध अशाच पुटिकांत भरलेले असते. मात्र पुटिका जितकी घट्ट, तितके औषध हव्या त्या जागी बाहेर यायलाही नाखूष असते, आणि म्हणूनच बाहेरून इशारा देऊन ती उघडता यावी अशी कल्पना पुढे आली. इशारा उष्णतेचा असू शकतो, आम्लतेचा असू शकतो. आमचा प्रकाशाचा होता.

प्रकाश ओळखण्याचे काम अ‍ॅझोबेन्झीनकडे असते. दोन बेन्झीन वलये मध्ये दोन नायट्रोजनांनी जोडलेला हा रेणू १८३४ मध्ये मिट्शरलिश यांनी तयार केला आणि तो प्रकाशात वाकतो हे १९३७ मध्ये हार्टली यांच्या लक्षात आले. एरवी तो सरळसोट असतो. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मधल्या दुहेरी बंधाशी वळून त्याचा कोन होतो, तेव्हा त्याच्या दोन टोकांतले अंतर साधारण ९ अँगस्ट्रॉमवरून (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) साडेपाचवर येते, आणि ४५० च्या आसपासचा निळा प्रकाश पडला की तो पुन्हा सरळ होतो. लिपिडच्या एका शेपटीत हा रेणू गुंफला की भिंतीत काय होत असेल, हे आमच्या भागात समजावणे सोपे आहे. उसाची मोळी आवळून बांधलेली असते, पण तिच्यात दोन-चार कांडी वाकडी घुसली की मोळी कितीही आवळली तरी फटी राहतातच. शंभर रेणूंत अशी पाच-सहा वाकडी कांडी मिसळायची, एवढेच आम्ही करणार होतो. अ‍ॅझो जोडलेले लिपिड परदेशातून आले, तेही काही मिलिग्रॅम. कुपीच्या तळाशी नखावर मावेल एवढी पिवळी पूड होती. ते संपले तर पुन्हा मागवायला पैसे नाहीत हे माहीत असल्यामुळे सगळी तालीम साध्या डीपीपीसी या लिपिडवर करायची ठरली.

आत काय भरायचे हा पहिला निर्णय होता. औषध भरले तर ते बाहेर आले की नाही हे मोजणे जिकिरीचे, म्हणून कार्बॉक्सिफ्लुओरेसीन हा रंग घेतला. ही युक्ती १९७७ मध्ये वाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. रंग फार दाट असला की त्याचे रेणू एकमेकांची चमक गिळून टाकतात आणि द्रावण मंद दिसते; तोच रंग पुटिकेतून बाहेरच्या पाण्यात आला, विरळ झाला, की झळकू लागतो. म्हणजे जितकी चमक वाढली तितकी गळती झाली. पुस्तकात हे मी चारदा वाचले होते, पण पटले ते आमच्या बेसिनमध्ये. १०० मिलिमोलर द्रावणासाठी नारिंगी पूड पाण्यात टाकली की ती गाळासारखी तळाला बसते; त्यात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत सामू साडेसातच्या जवळ आणला की गाळ विरघळून काळपट तांबडे, दाट काढ्यासारखे पाणी होते. ते ढवळलेली काचेची कांडी मी बेसिनमध्ये धुतली आणि दुसऱ्या कामाला लागले. थोड्या वेळाने प्रयोगशाळेतले मामा दारातूनच ओरडले, “ताई, बेसिनात काय ओतलंय? हिरवंगार पेटल्यागत दिसतंया!” बाटलीत जे मेल्यासारखे पडले होते, ते नळाच्या धारेखाली पोपटी होऊन झळाळत होते. पुढे नव्या विद्यार्थ्यांना हे तत्त्व सांगताना मी फळा वापरला नाही, बेसिनच दाखवले.

पापुद्रा धरायचे काम दिसायला सोपे आहे. लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून गोलबुडी चंबूत घ्यायचे, रोटाव्हेपरवर चंबू फिरवत निर्वातात क्लोरोफॉर्म उडवायचा, आणि काचेला आतून चिकटलेला धुकट थर रात्रभर निर्वात पंपावर ठेवायचा. क्लोरोफॉर्मचा मागमूस राहिला तर भिंत कच्ची राहते. त्यानंतर त्यात गरम रंगद्रावण घालून चंबू हलवत राहायचे. येथे तापमान महत्त्वाचे, कारण डीपीपीसीच्या शेपट्या ४१ अंश सेल्सिअसला वितळतात. त्याच्या खाली त्या गोठलेल्या तुपासारख्या ताठ असतात आणि पापुद्रा पाणी पीत नाही. मी ५० अंशांच्या पाण्यात चंबू धरून बसत असे. अशा पुटिका कांद्यासारख्या पदर-पदरांच्या होतात, आणि पदर सुटून आत रंग नीट भरला जावा म्हणून त्या पाच वेळा गोठवून पाच वेळा वितळवायच्या असतात. गोठवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो, आणि सांगलीत तो कुठे मिळणार या विवंचनेत मी आठवडा घालवला. उत्तर मामांकडे होते. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठीच्या रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्येच ठेवतात, आणि त्यांच्या भाच्याचे तेच काम होते. तो दुचाकीवर लहान कॅन बांधून येई, आमच्या थर्मासमध्ये धूर ओकणारा नायट्रोजन ओते आणि दर वेळी विचारी, “ताई, तुमच्या त्या पिशव्या गाभण राहिल्या का?”

मग एकसारख्या आकाराच्या पुटिका करण्यासाठी त्या १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्यातून ढकलायच्या. दोन काचेच्या सिरिंजा समोरासमोर, मध्ये पडदा, आणि ते सगळे गरम ठोकळ्यात बसवलेले. इकडून तिकडे, तिकडून इकडे, अकरा वेळा. आकडा विषम ठेवायचा, म्हणजे शेवटी माल दुसऱ्या सिरिंजमध्ये येतो आणि पडद्यातून न गेलेला गाळ पहिल्या बाजूला राहून जातो. रंगाशिवाय केलेल्या तालमीत दुधासारखे गढूळ पाणी सातव्या-आठव्या फेरीनंतर निळसर पारदर्शक होताना दिसले, ते फार देखणे होते. रंग घातल्यावर यातले काहीच दिसत नाही; अंगठ्याला लागणारा जोर कमी झाला की काम झाले असे समजायचे. एकदा सहाव्या फेरीला वीज गेली. ठोकळा थंड होत असताना ‘आता पाचच राहिल्या’ म्हणून मी ढकलतच राहिले. ४१ च्या खाली लिपिड आवळले, पडदा फाटला आणि सिरिंजचा दांडा वाकला. आठवड्याचे काम आणि सिरिंज, दोन्ही गेले. मामांनी वाकडा दांडा बघून फक्त “लाईट यायची वाट बघायची की वं,” म्हटले.

बाहेर राहिलेला मोकळा रंग काढण्यासाठी सेफाडेक्स या सच्छिद्र जेलच्या मण्यांचा स्तंभ भरायचा. मोठ्या पुटिका मण्यांमधल्या मोकळ्या वाटेने झरकन खाली येतात, लहान रंगरेणू मण्यांच्या छिद्रांत शिरत-निघत मागे रेंगाळतात, त्यामुळे काचेच्या नळीत आधी एक मंद नारिंगी पट्टा आणि मागून झगझगीत पोपटी पट्टा उतरताना दिसतो. इथे मी जी चूक केली तिने महिना खाल्ला. स्तंभात वाहणारे बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण, मी नुसतेच ठेवले, मीठ घातलेच नाही. पुटिकेच्या आत दाट रंगाचे क्षार आणि बाहेर जवळजवळ गोडे पाणी. साहजिकच पाणी आत घुसले, पुटिका फुगल्या आणि काठाला गळू लागल्या. रोज नवी पुटिका, रोज अंधारात वाढती चमक. मी लिपिडला दोष दिला, निर्वात पंपाला दिला, स्तंभ तीन वेळा नव्याने भरला. शेवटी सरांनी वहीतली बफरची ओळ बोटाने दाखवली आणि विचारले, “लोणच्याच्या फोडी गोड्या पाण्यात टाकल्या तर काय होतील?” मीठ मोजून घालून आत-बाहेरचा परासरण दाब सारखा केला आणि त्या दिवसापासून आलेख आडवा झाला. गळतीचे गणित साधे असते: सुरुवातीची चमक शून्य धरायची, शेवटी ट्रायटन एक्स-१०० हा साबणी पदार्थ घालून सगळ्या पुटिका फोडायच्या आणि ती चमक शंभर धरायची, मधले आकडे या दोहोंच्या दरम्यान बसवायचे. ट्रायटनने द्रावण किंचित पातळ होते, तेवढी दुरुस्ती विसरायची नाही.

आकार मोजण्याचे यंत्र कोल्हापूरला होते. एस.टी.ने तासा-दीड तासाचा रस्ता. उन्हाळ्याच्या भीतीने मी नळ्या फ्रीजरमधून काढलेल्या बर्फाच्या पिशव्यांना अगदी चिकटवून थर्मासमध्ये ठेवल्या. तिथे पोहोचून झाकण उघडले तर आतले द्रावण कडेने गोठलेले होते, आणि वितळल्यावर ते पोपटी चमकू लागले. बर्फाच्या स्फटिकांनी भिंती कापल्या होत्या. ज्या गोठवण्याने सुरुवातीला पुटिका भरल्या, त्याच गोठवण्याने शेवटी त्या रिकाम्या झाल्या, आणि यात विसंगती काही नाही: भरताना आत-बाहेर दोन्हीकडे सारखाच दाट रंग होता, तेव्हा फुटले-मिटले तरी नुकसान नव्हते, रंग बाहेरून धुऊन काढल्यावर एकदा भिंत उघडली की आतला माल गेलाच. परतीच्या गाडीत मला हे नीट उमगले. पुढच्या खेपेला नळ्या जुन्या साडीच्या पटक्यात गुंडाळून नेल्या.

मार्चमध्ये अ‍ॅझो-लिपिडची कुपी उघडली. आता खोली अंधारी हवी होती. नुसती खिडकी झाकून भागत नाही, कारण नळीवर पडणारा दिवसाचा उजेडही अ‍ॅझोबेन्झीनला थोडे इकडे-तिकडे करत राहतो. अ‍ॅझो लाल प्रकाश ओळखत नाही, त्यामुळे फोटो धुण्याच्या डार्करूममधला लाल दिवा चालण्यासारखा होता. डिजिटल कॅमेरा आल्यापासून अडगळीत पडलेला असा एक दिवा गावातल्या एका जुन्या छायाचित्रकाराने धूळ पुसून दिला. त्या तांबड्या उजेडात स्तंभातले पट्टे वेगळे दिसतच नसत, म्हणून थेंब मोजून नळ्या बदलायला शिकावे लागले.

आणि एप्रिल आला. अ‍ॅझो मिसळलेल्या पुटिका अंधारात, फॉइल गुंडाळलेल्या, कुणी हात न लावलेल्या, दुपारी दोन ते पाच या वेळेत गळत होत्या. सकाळी गळत नव्हत्या. माझा पहिला संशय फॉइलवर गेला. दुहेरी फॉइल लावली, नळ्या कपाटात ठेवल्या, गळती तीच. शेवटी भिंतीवरचा तापमापक वहीत नोंदवायला सुरुवात केली तेव्हा उलगडा झाला. पश्चिमेच्या उन्हात खोली ३९ अंशांवर जात होती. डीपीपीसीची भिंत ४१ ला वितळते, आणि वाकणारा पाहुणा रेणू मिसळल्यावर ते वितळणे थोडे आधीच आणि पसरट होऊन सुरू होते. वितळण्याच्या काठावर भिंत सर्वांत जास्त झिरपते, कारण ताठ आणि सैल असे तुकडे शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या शिवणी उसवतात. याच गुणाचा उपयोग करून उष्णतेने उघडणाऱ्या पुटिका याट्विन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सुचवल्या होत्या. मी प्रकाशाने उघडणाऱ्या पुटिका करायला बसले होते आणि सांगलीचा उन्हाळा त्या उष्णतेने उघडून दाखवत होता. तेव्हापासून प्रयोग पहाटे साडेपाचला सुरू करून दहाच्या आत आटोपायचे ठरले, आणि मोजणीच्या नळीभोवती पाणी फिरवून ती २५ अंशांवर ठेवायची सोय केली. पाणी माठातले.

मग कुठे दिवा लागला. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी, डोळ्यांवर अतिनील-रोधक चष्मा, आणि चमक वाढत गेली. मी खुशीत सरांना आलेख दाखवला. त्यांनी विचारले, “अ‍ॅझो नसलेल्या पुटिकांवर हाच दिवा टाकलास का?” टाकला, तर त्याही गळत होत्या, कमी, पण निश्चित. बोटाच्या पेराएवढ्या दिव्याने समोरची नळी तापत होती, आणि फिरते पाणी बाहेरच्या बाजूला असल्याने आतल्या द्रावणाचा पत्ता त्याला लागत नव्हता. दिव्याला संगणकातला जुना पंखा आणि धातूचा पंख्याकार पत्रा बसवला, दिवा दूर नेला, प्रकाश सलग न देता अर्धा मिनिट देऊन अर्धा मिनिट थांबत गेले. अ‍ॅझो नसलेली रेष आडवी पडली तेव्हाच दुसऱ्या रेषेवर विश्वास ठेवला.

तरीही एक कोडे राहिले. अतिनील प्रकाशानंतर गळती सुरू होई, पण जितक्या वारंवार मी चमक मोजे तितकी ती लवकर थंडावे. दर दहा सेकंदांनी मोजले तर जवळजवळ नाहीच, पाच मिनिटांनी मोजले तर चांगली. हे कळायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. रंगाची चमक पाहण्यासाठी फ्लुओरीमीटर त्याच्यावर ४९० च्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश टाकतो, आणि वाकलेल्या अ‍ॅझोबेन्झीनला सरळ करणाऱ्या निळ्या प्रकाशाचे शेपूट तिथपर्यंत पोहोचते. म्हणजे मी दार उघडत होते आणि उघडले का हे बघता बघता तेच दार लोटून घेत होते. यंत्राची झडप मोजणीच्या क्षणापुरती उघडायची, फट अरुंद ठेवायची आणि दोन मोजण्यांत अंतर सोडायचे, हा उपाय सापडल्यावर निकाल सुटसुटीत झाले. हाच दोष उलटा वळवून बिस्बी, मीड आणि मॉर्गन यांनी २००० साली अतिनील प्रकाशाने गळती सुरू आणि दृश्य प्रकाशाने बंद करून दाखवली होती. तो लेख मी आधी वाचलेला होता, तरी माझ्याच यंत्राच्या आत निळा दिवा आहे हे डोक्यात आले नव्हते.

सांगलीत असल्यामुळे एक प्रश्न मला शेजाऱ्यांपासून परीक्षकांपर्यंत सर्वांनी विचारला: हळद का नाही? हळदीतले पिवळे द्रव्य करक्युमिन प्रकाश शोषते हे खरे, आणि ते भिंतीत आपणहून शिरतेही. पण ते बफरमध्ये आणि उजेडात स्वतःच मोडते आणि भिंतीत बसले की आमच्या रंगाच्या पट्ट्यातच चमकते, त्यामुळे गळती कोणाची आणि चमक कोणाची हे सांगता येत नाही. दोन दिवस करून पाहिले आणि सोडून दिले. दुसरा प्रश्न अधिक रास्त होता: ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश कातडीतून किती आत जाणार? फारच थोडा. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा तांबडा-अवरक्त प्रकाश मांसातून बरा जातो, म्हणून त्या बाजूला सरकवलेले अ‍ॅझोबेन्झीन तयार करण्याचे काम चालते. माझ्या कामाने त्यात काही सोडवलेले नाही.

जुलैत पाऊस लागला आणि खोली २६ अंशांवर आली. दिवसभर कधीही प्रयोग करता येऊ लागले, पहाटेचा गजर बंद केला. एका दुपारी एकाच दिवशी केलेल्या दोन नळ्या घेतल्या, एक फॉइलमध्ये कपाटात, दुसरी दिव्यासमोर. दिव्यासमोरच्या नळीचा आलेख अतिनील प्रकाशात चढला, निळ्या प्रकाशात सपाट झाला, पुन्हा चढला, पुन्हा सपाट, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. सरांनी कागद हातात घेतला, पण पायऱ्यांकडे पाहिलेच नाही. त्यांनी खालची, कपाटातल्या नळीची रेष चष्मा वर करून न्याहाळली. सहा तासांत ती शंभरात दोनाच्या वर गेली नव्हती. “हं,” ते म्हणाले, “आता ट्रायटन घाल.” मी फॉइल सोडली, थेंब घातला, नळी उलटी-सुलटी केली, आणि लाल दिवा बंद करून खिडकीचा पडदा सारला तेव्हा पावसाळी उजेडात ती बेसिनमधल्या पाण्यासारखी पोपटी झाली.